कार्यालयीन ईमेलच्या सुरक्षेची पार्श्वभूमी: आधी विश्वास, नंतर कुलपे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या कार्यालयात ईमेलचा पासवर्ड बदलायला मी हिशेबनिसांच्या शेजारी बसलो, तेव्हा खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाईल क्रमांक कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. बऱ्याच विचारपूसीनंतर तो, अनेक वर्षांपूर्वी हे खाते उघडून देणाऱ्या सायबर कॅफेचालकाचा निघाला. कॅफे केव्हाच बंद झाला होता. मात्र मिलची बिले, बँकेची पत्रे आणि करविषयक सूचना ज्या खात्यात येत होत्या, त्याची दुसरी किल्ली अजून त्याच क्रमांकावर होती. हे का घडते, हे समजण्यासाठी ईमेलच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

अमेरिकी अभियंते रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावर, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह आणले. त्या जाळ्यावर तेव्हा मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. 1982 मध्ये ईमेल पोहोचवण्याचे जे नियम ठरले, त्यांवरच आजही टपाल चालते, आणि प्रेषकाने स्वतःविषयी जे सांगितले ते खरे मानायचे, असेच त्यांत गृहीत होते. आंतरदेशीय पत्रावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते आणि टपाल खाते ते तपासत बसत नाही, तसेच हे होते. कागदी पत्राच्या बाबतीत निदान अक्षर, सही आणि शिक्का ओळखीचा असे. आवक नोंदवहीत नोंद करणारा कारकून लिफाफा उलटसुलट करून पाहत असे. ईमेलमध्ये हे काहीच उरले नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमामार्फत खुले झाले. खानदेशातील व्यापाऱ्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा कार्यालयात एकच संगणक, एकच जोडणी आणि म्हणून सर्वांचे मिळून एकच ईमेल खाते, हीच सोयीची रीत ठरली. त्या काळी ती चुकीची नव्हती. पुढे 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, नोंदणीसाठी ईमेल आणि मोबाईल दोन्हींवर ओटीपी येऊ लागले आणि कधीतरी उघडले जाणारे ते खाते एकाएकी व्यवसायाचे मुख्य दार झाले. दार बदलले, पण डायरीच्या मागच्या पानावर लिहिलेला पासवर्ड तोच राहिला.

दरम्यान जगात दोन मोठे धडे मिळून गेले होते. मार्च 1999 मधील 'मेलिसा' हा व्हायरस वर्ड फाइलमधील मॅक्रोतून, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या छोट्या प्रोग्राममधून, पसरला आणि आउटलुक या ईमेल प्रोग्रामच्या पत्तायादीतील पहिल्या 50 जणांना स्वतःच्या प्रती पाठवत गेला. मे 2000 मधील 'आय लव्ह यू' याहून बोलका आहे. त्याच्या अटॅचमेंटच्या नावात 'टीएक्सटी' आणि त्यापुढे 'व्हीबीएस' होते. विंडोज ओळखीच्या प्रकारांचे शेवटचे अक्षरगट मुळातच लपवत असल्यामुळे वाचणाऱ्याला साधी मजकुराची फाइल दिसली आणि प्रत्यक्षात चालू झाला तो प्रोग्राम. 'फाइलचे पूर्ण नाव दाखवा' ही क्षुल्लक वाटणारी सेटिंग का सुरू ठेवावी, याचे उत्तर त्या एका आठवड्यात आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये अमलात आणला, म्हणजे मेलिसानंतर 23 वर्षांनी. एवढा काळ ही जबाबदारी टेबलावर बसणाऱ्या माणसावरच होती, हे मला आजही खटकते.

पासवर्डचा इतिहास उलट दिशेने गेला. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चिन्हे, आकडे आणि ठरावीक मुदतीने बदल यांचा आग्रह धरला, जगभरच्या कार्यालयांनी तो उचलला, आणि 2017 मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला, कारण सक्तीने बदलायला लावले की माणसे गावाच्या नावापुढील साल तेवढे बदलतात. लांबी अधिक महत्त्वाची ठरली. आपल्याकडे रोमन लिपीत लिहिलेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच अहिराणी शब्द लक्षात राहायला सोपे आणि ओळखायला अवघड असतात. सर्वांना पाठ असलेली ओवी मात्र घेऊ नये.

पासवर्ड फुटणारच, हे मान्य करून दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही मागणे, आली. गूगलने ती 2011 मध्ये सर्व खात्यांना दिली. तरीही एक मागचे दार उघडे होते: जुन्या पद्धतीने ईमेल ओढणारे प्रोग्राम केवळ पासवर्डवर आत जात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून आपल्या कार्यालयीन सेवेत ते बंद करत नेले, तेव्हा जुने आउटलुक अचानक पासवर्ड नाकारू लागले, असे अनेकांना आठवत असेल. त्रास झाला, पण तो आवश्यक होता.

प्रेषक खरा आहे का, हे तपासणारी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही मानके 2006 ते 2015 या काळात आकाराला आली. गूगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांना ती बंधनकारक केली. मात्र पुरवठादाराचे खरेच खाते कोणी ताब्यात घेतले असेल, तर ही तपासणी निरुपयोगी ठरते. अशा वेळी चोर घाई करत नाही. तो सेटिंगमध्ये शांतपणे एक नियम घालतो, 'बिल' किंवा 'पेमेंट' शब्द असलेली पत्रे बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड करतो आणि मूळ प्रत नजरेआड करतो. मग योग्य वेळी, आधीच्याच पत्रव्यवहाराच्या ओघात, बँक खाते बदलल्याचे कळवतो. म्हणून फॉरवर्डिंग आणि नियमांचे पान महिन्यातून एकदा उघडून पाहणे, हे पासवर्ड बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे लागते, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. सायबर घटनांची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांत देण्याचे बंधनही 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी घातले आहे.

त्या डाळ मिलमध्ये आता मालक, हिशेबनीस आणि विक्री पाहणारे भाऊ यांची तीन स्वतंत्र खाती आहेत, आणि कॅफेचालकाचा क्रमांक काढून टाकला आहे. खतावणीत प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावापुढे त्याचा जुना फोन क्रमांक शाईने लिहिलेला होताच. बँक खाते बदलल्याचा ईमेल आला की हिशेबनीस त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन न करता आधी ती खतावणी उघडतात.