ब्रॉयलर हार्मोनमुळे वाढत नाही

‘ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात, म्हणून ती दीड महिन्यात एवढी वाढते.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजनं भरली अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक फक्त वाणाचा. प्रत्येक पिढीतले झपाट्याने वाढणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास करायची, हे काम कित्येक दशकं चिकाटीने चाललं. जोडीला संतुलित खाद्य आणि लसी आल्या. ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर तर कोंबड्या उन्हाशिवाय, बंद शेडमध्येही वाढवता येऊ लागल्या.

वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर ते पचून जातं. मग हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा सुई टोचत कोण बसणार?

अफवेला एक जुना धागा मात्र आहे. अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत कृत्रिम इस्ट्रोजेनच्या, म्हणजे मादी हार्मोनच्या, गोळ्या बसवत असत. १९५९ मध्ये ते थांबवलं गेलं.

काळजी करायचीच तर अँटिबायोटिक्सची करा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ती वाढीसाठी खाद्यात मिसळली गेली, आणि त्यातून औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढले. युरोपीय संघाने २००६ मध्ये हा वापर बंद केला. आणि त्या वेगवान वाढीचा भार पक्ष्याच्या पायांवर नि हृदयावर पडतो, तोही खराच आहे.