तळघरातील ओल व तिचे निवारण

जमिनीखालील खोली, वाहनतळ किंवा जोत्याखालची पोकळी यांच्या भिंतींत व तळात पाणी अथवा बाष्प शिरून जो दमटपणा टिकून राहतो, त्याला तळघरातील ओल म्हणतात. उत्तर अमेरिकेत अनेक घरांखाली माणूस रांगत जाऊ शकेल एवढीच पोकळी ठेवतात. ठाणे व नवी मुंबईत अशी पोकळी सहसा नसते. मुरूम भरून उचललेले जोते हीच येथील पद्धत आहे. त्यामुळे ओलीचा प्रश्न मुख्यतः तळघरातील वाहनतळ, पंपखोल्या आणि रो हाऊसचे तळमजले यांपुरता उरतो.

ओल भिंतीतल्या भेगांतून व सांध्यांतून पाझरते, केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून शोषली जाऊन, विटांतून वर चढते किंवा दमट हवा थंड पृष्ठभागाला लागून तिच्यातील बाष्पाचे संघनन होते, म्हणजे पाणी बनते. पहिल्या प्रकारात पाण्याचा दाब निर्णायक ठरतो, कारण भिंतीबाहेर १ मीटर उंच पाणी साचले, तर तिच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब पडतो. नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल असल्याने नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने तेथे पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झडपेची दारे मिटतात आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत तलावात साठते. त्याच काळात मोठा पाऊस झाला, की खाडीलगतच्या भरावातील भूजलही लवकर उतरत नाही. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी कारण निराळे असते. तेथे पाणी बेसाल्टच्या भेगांतून उताराने येते.

उपायाआधी निदान करावे. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आतल्या बाजूस दिसले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूस दिसले तर ते संघनन होय. ही साधी चाचणी न करताच महागडा रंग लावण्याची चूक वारंवार होते.

पाझर बाहेरूनच रोखणे श्रेयस्कर. त्यासाठी भराव टाकण्यापूर्वी तळाखाली व भिंतींबाहेर शहाबादी फरशीचे पेटीसारखे जलरोधक आवरण, म्हणजे ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ करतात, काँक्रीटच्या सांध्यांत पीव्हीसीची जलरोधक पट्टी बसवतात आणि भिंतीलगत खडीत सच्छिद्र नळ घालून पाणी संपाकडे, म्हणजे ते गोळा करण्याच्या खड्ड्याकडे वळवतात. संपावर एक जादा पंप आणि वीज गेल्यावर चालणारी सोय हवी, कारण पंपाची खरी गरज नेमकी मुसळधार पावसात लागते. आतून लावलेला लेप पाण्याच्या दाबाने सुटू शकतो. जोत्यातून चढणारी ओल मात्र बांधतानाच घातलेल्या ओलरोधक थराने, म्हणजे डीपीसीने थांबते; बाहेरची जमीन किंवा अंगणातील फरशी त्या थराच्या वर चढवली, की तो निरुपयोगी होतो.

संघननावरचा उपाय याच्या उलट आहे. पावसाळ्यात खिडक्या उघडल्या, की बाहेरची दमट हवाच आत येते. म्हणून बंद खोलीत आर्द्रताशोषक यंत्र लावून सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवतात. भिंतीवर फुललेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, कोरड्या ब्रशने झाडावा. तो धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि भिंत सुकताना नव्याने वर येतात.