तीस सेकंद आणि मुठीतला बॉल

संध्याकाळी नाशिकच्या सिडकोत बाइकला बाइक घासते, एक जण म्हणतो 'काय बघतो रे', दुसरा म्हणतो 'तू काय बघतो', आणि पाच मिनिटांत दोन्हीकडची पोरं गोळा होतात. बहुतेक वेळा तिथंच मिटतं. कधीतरी कोयता निघतो आणि सकाळी पेपरात येतं, किरकोळ कारणावरून खून. हा 'किरकोळ' शब्द मला फार टोचायचा, पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की खरी गोष्ट त्या शब्दातच आहे.

शिकागोत शाळकरी पोरांसाठी 'बिकमिंग अ मॅन' म्हणून कार्यक्रम चालतो. त्यात जोड्या लावतात, एकाच्या मुठीत बॉल देतात आणि दुसऱ्याला सांगतात, ३० सेकंदांत हा काढून घे. मग काय, ओढाताण, हात पिरगाळणं, झटापट, जवळजवळ सगळेच जोर लावतात. नंतर सर विचारतात, अरे, नुसता मागितला का नाही? पोरगा म्हणतो, त्याने दिला नसता, मला घाबरट समजला असता. आणि ज्याच्या हातात बॉल होता तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता, साधा बॉल तर आहे!

मला हे वाचून खरंच गलबलून आलं. आपल्या चौकातली किती भांडणं अशीच असतील.

शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून याचा अभ्यास केला, तेव्हा कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी निघाल्या. उपदेश नाही, पोरांना फक्त रागाच्या त्या क्षणी जरा थांबून विचार करायची सवय लावली. कारण मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत पिकत असतो, आणि मित्र बघत असले की या वयात धोका पत्करायची खुमखुमी अजून वाढते, त्यामुळे टोळक्यातला पोरगा आणि घरी आईसमोर बसलेला तोच पोरगा वेगळे वागतात.

दुसरा अभ्यास सुट्टीतल्या कामाचा, तोही शिकागोचाच, २०१४ साली छापून आला. गरीब वस्त्यांतल्या पोरापोरींना उन्हाळ्यात ८ आठवडे पगारी काम आणि सोबत एक मोठं माणूस, बस एवढंच. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी, आणि बरीचशी घट काम संपल्यानंतरची! म्हणजे पोरं कामात अडकली म्हणून भांडली नाहीत असं नाही, आत काहीतरी बदललं होतं.

आपल्याकडे दहावी-बारावीचा पेपर संपल्यापासून निकालापर्यंत ही पोरं कट्ट्यावरच असतात. महापालिकेच्या बागा, वाचनालयं, आता सिंहस्थाची तयारी, कामाला तोटा नाहीये. सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी मशीनपासून लांब, ऑफिसात, दहा-दहा पोरं घेतली आणि प्रत्येकामागे एक ताई नाहीतर दादा दिला तरी सुरुवात होईल, येत्या एप्रिलपासूनच.