मिथ्रिल: कधीच न काळवंडणाऱ्या चांदीची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधी देवघरातली निरांजनं आणि अत्तरदाणी रांगोळीने घासायला बसलेल्या माणसाला चांदीचं दुखणं वेगळं सांगायला नको. हवेतले गंधकाचे वायू लागतात, सल्फाइडचा थर चढतो आणि लख्ख केलेली वाटी काही महिन्यांत पुन्हा काळी पडते. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांनी कल्पिलेल्या मध्य-पृथ्वी या जगातला मिथ्रिल हा धातू समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी, असं मला वाटतं.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरिया या ड्वार्फांच्या (बुटक्या खाणकामगारांच्या) अंधाऱ्या खाणीतून जाताना जादूगार गँडाल्फ या धातूचे गुण सांगतो. तो तांब्यासारखा ठोकता येतो, काचेसारखी झिलई घेतो. ड्वार्फ त्यापासून पाणी दिलेल्या पोलादाहून कठीण आणि तरीही हलका धातू घडवतात. दिसायला तो चांदीसारखाच, पण त्याचं तेज कधी मंदावत नाही. एवढ्या वर्णनात मंत्रतंत्राचा शब्दही नाही. हे सगळे लोहाराच्या आणि सोनाराच्या कामाचे गुण आहेत, फक्त एरवी एका धातूत न सापडणारे. चांदीतली खोट तेवढी काढून टाकली आणि तिला पोलादाचं बळ दिलं, की मिथ्रिल झालं.

हे नाव मात्र मागाहून आलं. १९३७ साली टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा ड्रॅगनच्या खजिन्यातून नायक बिल्बोला मिळालेलं कड्यांचं चिलखत चांदीचा मुलामा दिलेल्या पोलादाचं होतं, बस्स. मिथ्रिल हा शब्द वाचकांपुढे आला तो १९५४ मध्ये, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडात. एल्फ या कथेतल्या अमर जमातीच्या सिंदारिन भाषेत ‘मिथ’ म्हणजे करडा आणि ‘रिल’ म्हणजे झळाळी. पुढे १९६६ च्या सुधारित आवृत्तीत टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’मधलं ते वाक्य बदललं आणि बिल्बोचं जुनं चिलखतही मिथ्रिलचं झालं. आज ‘द हॉबिट’ पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा सांधा दिसतसुद्धा नाही.

या चांदीच्या ओढीमागे मला एक टेकडी दिसते. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात लिडनी पार्क आहे. तिथल्या उंचवट्याला लोक ‘ड्वार्फ्स हिल’ म्हणत. टेकडीच्या पोटात रोमन काळातली लोखंडाची खाण आणि माथ्यावर नोडेन्स नावाच्या देवाचं देऊळ. मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने १९२८-२९ मध्ये तिथे उत्खनन केलं. देवाच्या नावाचा अर्थ लावण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन शिकवणाऱ्या टॉल्किन यांची मदत घेतली गेली आणि १९३२ च्या अहवालाला त्यांचं टिपण जोडलं गेलं. (हेच मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांच्याच हाताखाली काम करून आले होते. टॉल्किन यांच्या टेकडीपासून आपल्या डेक्कन कॉलेजपर्यंतचं अंतर इतकं कमी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.)

टॉल्किन यांनी नोडेन्सचं नाव आयरिश पुराणकथेतल्या नुआदाशी जोडलं. या राजाचा हात लढाईत तुटला. राजा अव्यंग असलाच पाहिजे, या नियमाने त्याची गादी गेली. मग वैद्य दियान केख्त याने त्याला चांदीचा हात करून दिला, म्हणून तो ‘रुपेरी हाताचा नुआदा’. आता मोरियाच्या पश्चिम दारापाशी येऊ. त्या दारावरची चित्रं आणि अक्षरं काढणाऱ्या एल्फ कारागिराचं नाव केलेब्रिम्बोर, आणि सिंदारिनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘चांदीचा हात’. ड्वार्फांची टेकडी, जुनी खाण आणि चांदीचा हात, तिन्ही लिडनीतही आहेत आणि मोरियातही. मिथ्रिल थेट तिथूनच निघालं असा दावा मी करणार नाही, पण ज्याने ते टिपण लिहिलं त्याच्या मनात या गोष्टी शेजारी-शेजारी असाव्यात, असं मला वाटतं.

दारावरची ती चित्रं आणि अक्षरं ‘इथिल्दिन’ची आहेत. एल्फांनी मिथ्रिलपासून बनवलेला हा पदार्थ फक्त ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या प्रकाशात उजळतो, तोही योग्य शब्द उच्चारत हात फिरवल्यावर. मिथ्रिलभोवती उघड जादू दिसते ती इथे, आणि तीसुद्धा एल्फांच्या कारागिरीतून आलेली. चिलखताचं तसं नाही. बिल्बोने ते पुढे फ्रोडोला दिलेलं असतं. मोरियात ऑर्क या राक्षसी टोळीच्या सरदाराचा भाला फ्रोडोच्या बरगडीवर बसतो तेव्हा तो वाचतो, पण कडी आतल्या मऊ चामड्यातून अंगात रुततात आणि कूस काळीनिळी पडते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. उत्तम चिलखत जेवढं करील तेवढंच मिथ्रिल करतं. माराचा धक्का ते नाहीसा करत नाही.

त्याची किंमत आधी सोन्याच्या दहापट होती, नंतर ते अनमोल झालं, कारण खाणच बंद पडली. मिथ्रिलच्या मागे खोल खणत गेलेल्या ड्वार्फांनी कथेतल्या तिसऱ्या युगाच्या १९८० व्या वर्षी बॅलरॉग या अग्निराक्षसाला जागं केलं आणि त्यांचं राज्य बुडालं. आपल्या जगातल्या अॅल्युमिनियमशी मिथ्रिलची तुलना अनेकदा होते. हलका, रुपेरी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अत्यंत महाग. पण त्याची गोष्ट उलटी आहे. १८८६ मध्ये विजेने अॅल्युमिनियम वेगळं करण्याची पद्धत सापडली, भाव कोसळला आणि आपल्या स्वयंपाकघरात ‘जर्मनची’ पातेली आली.

पुढे कल्पनारम्य कथांवरच्या खेळांनी आणि इतर लेखकांनी मिथ्रिल उचललं, कुठे ‘मिथ्रल’ असं बदलूनही. २०२२ च्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेत तर त्याच्या जन्माची दंतकथाच आली: एका झाडात दडलेलं सिल्मरिल हे तेजस्वी रत्न, त्यासाठी एल्फ आणि बॅलरॉगची झुंज, वीज कोसळते आणि ती शक्ती मुळांतून डोंगरात उतरते. पात्रांच्या तोंडी ती संशयास्पद कथा म्हणूनच येते, पण एल्फांचं तगणंही मालिकेने या धातूवर टांगून ठेवलं. मला हे पटत नाही. गँडाल्फ मिथ्रिलचा उगम सांगत बसत नाही. तो एवढंच सांगतो, की त्याच्या शिरा उत्तरेकडे काराध्रास या डोंगराच्या दिशेने जातात आणि खाली अंधारात उतरतात.