ड्राइव्हवेचं डांबरीकरण ठेकेदाराकडून करून घेणं

रस्त्यावरून गाडी आत गॅरेजपर्यंत नेण्याची घराची स्वतःची जी वाट असते, म्हणजे ड्राइव्हवे, तिच्यावर डांबरी थर टाकून घ्यायचं काम बहुतेक वेळा ठेकेदारालाच द्यावं लागतं. यात वापरला जाणारा माल म्हणजे हॉट मिक्स, तो प्लँटमधे साधारण १५० अंश सेल्सियसला तयार होतो, ट्रकमधून गरम असतानाच जागेवर यावा लागतो आणि ८० अंशांच्या आसपास उतरायच्या आत रोलरने दाबून व्हावा लागतो, त्यानंतर कितीही रोलर फिरवला तरी तो नीट बसत नाही. घरच्या घरी जमणारं हे काम नाही. या मालात ९५ टक्क्यांच्या आसपास खडी, कच आणि वाळू असते, डांबर म्हणजे बिटुमेन फक्त ५ टक्के, ते सगळं धरून ठेवायला.

खालचा थर

ड्राइव्हवे किती वर्षं टिकणार हे खालच्या खडीवर ठरतं आणि नेमकं तेच घरमालकाला नंतर दिसत नाही. डांबरी थर लवचिक असतो, खालची जमीन बसली की तोही तिच्याबरोबर बसतो, गाडीचं वजन घ्यायचं काम मुख्यतः खडीचा बेस करतो. साध्या कारसाठी दाबून झाल्यावर १०० ते २०० मिलिमीटर बेस आणि त्यावर ५० ते ७५ मिलिमीटर डांबरी थर असा सर्वसाधारण हिशोब असतो, चिकणमाती असेल किंवा जड गाड्या येणार असतील तर जास्त. चिकणमाती पाणी धरते, फुगते, वाळली की आकसते, म्हणून अशा जागी माती आणि खडीच्या मधे जिओटेक्स्टाइल कापड घालतात, म्हणजे खडी चिखलात रुतत नाही. बेस तयार झाल्यावर त्यावरून भरलेला ट्रक हळूहळू चालवून बघायचा, जिथे जमीन दबते किंवा हलते तिथली माती काढून परत भरायची. ही तपासणी स्वस्त आहे, वेळ फार लागत नाही, आणि ती आपण होऊन करणारा ठेकेदार भेटला तर तो काम जाणणारा आहे असं समजायला हरकत नाही.

आधीचा डांबरी ड्राइव्हवे असेल तर प्रश्न येतो की त्यावरच नवा थर टाकायचा का सगळं उखडायचं. वरवरच्या बारीक भेगा असतील, पृष्ठभाग नुसता झिजलेला असेल तर साफ करून टॅक कोट, म्हणजे जुना आणि नवा थर एकमेकांना चिकटवणारा बिटुमेनचा पातळ हात, मारून वर थर देता येतो. पण मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं पडलं असेल तर बेस गेलेला असतो, तिथे वरून थर टाकणं म्हणजे पैसे वाया, त्याच भेगा काही काळाने नव्या थरातून वर येतात. शिवाय नवा थर टाकला की उंची वाढते, मग गॅरेजच्या तोंडाशी पाणी आत वळायची भीती असते, हे आधी बघून घ्यायला हवं.

पाण्याचं गणित वेगळं लिहावं इतकं महत्त्वाचं आहे. घरापासून लांब जाणारा १ ते २ टक्के उतार लागतो, म्हणजे दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर. पाणी साचलं की ते भेगांतून आत बेसमधे जातं आणि जिथे बर्फ पडतो तिथे गोठून थर उचलतं.

कोटेशन कसं वाचायचं

तीन जणांकडून कोटेशन घ्या असा सल्ला सगळेच देतात, पण तिघांनी तीन वेगळी कामं मोजली असतील तर नुसत्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. कोटेशनमधे क्षेत्रफळ, किती खोल खणणार, बेस कुठल्या खडीचा आणि किती जाड, डांबरी थर किती, उतार कुठल्या बाजूला, निघालेला राडारोडा कोण नेणार, परवानगी लागत असेल तर ती कोण काढणार आणि गॅरंटी कशावर किती, हे लेखी हवं. थराची जाडी दाबून झाल्यानंतरची आहे हे स्पष्ट लिहून घ्यायचं, कारण मोकळा माल रोलरखाली साधारण पाव भागाने बसतो, आणि ५० मिलिमीटर मोकळा टाकणाऱ्याचं कोटेशन ५० मिलिमीटर दाबलेला देणाऱ्यापेक्षा कमी येणारच.

माल पुरेसा आला का हे घरमालकाला स्वतः पडताळता येतं. १ चौरस मीटरवर १ सेंटीमीटर दाबलेल्या थराला साधारण २३ ते २४ किलो माल लागतो. म्हणजे ५० चौरस मीटरचा ड्राइव्हवे आणि ५ सेंटीमीटर थर असेल तर ६ टनांच्या आसपास. ट्रकबरोबर प्लँटची वजनाची पावती येते, ती मागायची, आणि पावतीवर ४ टन दिसले तर तिथेच विचारायचं.

दारावर येऊन "जवळच काम चालू होतं, माल उरलाय, आज घेतलात तर स्वस्तात टाकून देतो" असं सांगणाऱ्यांपासून लांबच राहा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांत हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. प्लँटवरून माल कामाच्या मापाने मागवला जातो, थोडाफार उरतो पण अख्खा ड्राइव्हवे होईल इतका सहसा नाही, आणि असे लोक बेस न करताच पातळ थर ओढतात, रोख घेतात आणि नंतर फोन लागत नाही. अ‍ॅडव्हान्स थोडा मागितला तर ठीक, सगळे पैसे आधी कधीच द्यायचे नाहीत. विम्याची कागदपत्रं आणि तीन-चार वर्षांपूर्वी केलेल्या कामांचे पत्ते मागायचे, कालपरवाच झालेला ड्राइव्हवे कोणाचाही छानच दिसतो.

कामाचा दिवस आणि त्यानंतर

काम कोरड्या दिवशी आणि हवा १० अंशांच्या वर असताना व्हावं, थंडीत पातळ थर दाबायच्या आतच गार होतो. कडा मोकळ्या सोडू नयेत, ४५ अंशांच्या आसपास तिरक्या ठोकून मागे माती भरलेली असावी, नाहीतर आधी तिथेच तुकडे पडतात. गाडी दोन-तीन दिवस आणायची नाही, कडक ऊन असेल तर अजून थांबायचं, आणि पहिल्या वर्षात उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी वळवणं टाळायचं, त्याने वरची खडी सुटते. पेट्रोल, डिझेल सांडलं तर लगेच पुसा, ते बिटुमेन विरघळवतं.

सील कोट, म्हणजे डांबरी थरावर वरून मारायचा संरक्षक लेप, त्याच आठवड्यात विकायला बघणाऱ्याला नाही म्हणा, नव्या थराला ६ ते १२ महिने मुरू द्यावे लागतात आणि पुढे तो दर ३ ते ५ वर्षांनी पुरतो. सील कोटचा डबा घेताना तो कोळशाच्या डांबराचा (कोल टार, बिटुमेनपेक्षा वेगळं) नाही ना हे बघा, त्यातली कर्करोगाशी जोडलेली रसायनं झिजून धुळीत आणि पाण्यात जातात, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने त्यावर २००६ पासून आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ मधे बंदी आणली. डांबरी इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या बिटुमेनचा, सील कोट मिळतो, तोच घ्यावा.