जुना वस्तरा : दुरुस्ती व धार

जुन्या घडीच्या वस्तऱ्याचा गंज काढून, मूठ सावरून त्याला पुन्हा दाढीची धार आणण्याचे काम. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन इथले जुने पोलादी वस्तरे यासाठी विशेष पसंत केले जातात.

वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, हीच त्याची मापपट्टी. पाजवताना पाठ आणि धार दोन्ही निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, टेकतात, त्यामुळे कोन हाताने धरावा लागत नाही. तो पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून ठरतो. १९ मिमी रुंद पात्याची पाठ ५.५ मिमी जाड असेल, तर धारेचा कोन सुमारे १६.५ अंश येतो. आधीच्या मालकाने पाठ झिजवली असेल, तर कोन लहान होतो आणि नाजूक धारेचे टवके उडतात. पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावल्यास नवी झीज टळते, मात्र प्रत्येक दगडावर तोच थर ठेवावा लागतो.

पात्याला तडा असेल, तर वस्तरा वापरासाठी घेऊच नये. पाठीजवळचे काळे डाग निरुपद्रवी; धारेलगतचे खड्डे मात्र घातक, कारण घासत गेल्यावर धार नेमकी त्यांच्यात उतरते. सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली की तिच्यातून आम्लधर्मी वायू सुटतो आणि मुठीत मिटलेले पाते गंजते. असे पाते लगेच वेगळे करावे.

गंज तेल लावून ६०० ते २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने (क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक), हातानेच काढावा. यांत्रिक पॉलिशच्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, असे समजावे. तो भाग घासून काढण्याला पर्याय नाही.

धारेचा खरा पाया १००० क्रमांकाच्या दगडावर घातला जातो. धारेच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर मार्करची रेघ ओढून काही हात मारावेत. शाई जिथे उरते तिथे दगड पोचलेला नाही. टाचेशी, म्हणजे धारेच्या मुठीकडील टोकाशी, ती वारंवार उरत असेल, तर बहुधा टाचेजवळचा जाड भाग दगडावर चढून धार उचलत असतो. जोर लावल्यास पाते वाकते आणि उतार वेडावाकडा होतो. दोन्ही उतार टाचेपासून टोकापर्यंत धारेवर मिळाल्याशिवाय ४०००, ८००० व १२००० च्या दगडांकडे वळू नये. बारीक दगड फक्त ओरखडे मिटवतो, अपुरा उतार पुरा करत नाही. बहुतेक वस्तरे इथेच बिघडतात. बाहेर फुगलेली धार सपाट हाताने पूर्ण पाजवली जात नाही. हात हलके डोलवत न्यावा लागतो.

शेवटी कापडी पट्ट्यावर वीसेक आणि चामड्यावर पन्नासेक फेऱ्या. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर पाठ. वळवताना पाते पाठीवरच फिरवावे. आधी धार वळवली की चामडे कापले जाते आणि धारही गोल होते. केस तोडून पाहण्याची चाचणी लोकप्रिय असली, तरी केसाच्या जाडीनुसार तिचा निकाल बदलतो. दाढी हीच भरवशाची परीक्षा. दाढीनंतर पाते पुसून पूर्ण सुकवावे आणि ठेवणीत टाकायचे असल्यास तेलाचा पातळ हात द्यावा.