सीपॅप ह्युमिडिफायर

सीपॅप ह्युमिडिफायर : झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, वापरल्या जाणाऱ्या सीपॅप यंत्राची हवा नाकात जाण्यापूर्वी कोमट व ओलसर करणारे जोडउपकरण. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सीपॅप उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घशाचा मार्ग मिटू नये म्हणून हे यंत्र मास्कवाटे सतत दाबाची हवा देते; हा दाब सहसा ४ ते २० सेंमी. पाण्याच्या उंचीइतका असतो.

यंत्र हवेतली ओल शोषून घेते, असा समज सर्रास आढळतो. तसे काही होत नाही. खोलीतली हवाच ते पुढे ढकलते. फुप्फुसांना ३७ अंश सेल्सिअसची, पूर्ण ओलावलेली हवा लागते आणि अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २० अंशांच्या खोलीतली हवा कितीही दमट असली तरी १७ ग्रॅमच्या आसपास थांबते. मधली तूट नाक भरून काढते आणि श्वास सोडताना त्यातले काही पाणी परत मिळवते. नाकाचा हा हिशेब तोंड उघडे पडले की बिघडतो. दाबाची हवा नाकातून आत येते आणि तोंडावाटे निसटते. नाकातून बाहेर जाणारा ओला प्रवाह जवळजवळ थांबतो, देणे चालू राहते आणि येणे बंद होते. श्लेष्मल त्वचा कोरडी पडते, सुजते, नाक चोंदते. नाक चोंदले की तोंड आणखी उघडते. सकाळी घशाला कोरड पडणे, शिंका, नाकातून रक्ताचा अंश येणे या तक्रारींचे मूळ बहुधा या चक्रात असते. म्हणून पाण्याची टाकी जोडण्याआधी मास्क नीट बसतो का, हवा कुठून गळते, हे पाहणे शहाणपणाचे.

जुन्या साध्या प्रकारात हवा थंड पाण्यावरून नुसती वाहत जाई; त्याचा गुण बेताचाच. आता टाकीखाली तापणारी पट्टी असते. मात्र कोमट, ओली हवा थंड नळीतून जाताना निवते आणि जादा वाफेचे पाणी होते. नळीत गुडगुड आवाज येतो, कधी मास्कमध्ये थेंब पडून झोपमोड होते. तापणारी नळी वापरणे, नळीला कापडी आवरण घालणे, यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवणे किंवा ओलाव्याची पायरी उतरवणे हे त्यावरचे उपाय. पावसाळ्यात कोकणात चालणारी पायरी विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत अपुरी वाटू शकते, तेव्हा एकच आकडा वर्षभर धरून बसण्यात अर्थ नाही.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे. नळाच्या जड पाण्याने पांढरा थर बसतो. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे पाणी नावाने सारखे वाटते, पण ते श्वासासाठी तयार केलेले नसते. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून, टाकी सौम्य साबणाने धुऊन वाळवावी. पाण्यात निलगिरी किंवा अन्य सुगंधी तेल टाकण्याचा मोह टाळावा. सर्दीला वाफारा घेणे वेगळे आणि रात्रभर दाबाने तेलाचे कण फुप्फुसात जाणे वेगळे. यंत्र उचलण्यापूर्वी टाकी काढावी, नाहीतर पाणी मोटरीत शिरते.

सर्वात जास्त वीज हीच तापणारी पट्टी खाते. भारनियमनात यंत्र बॅटरीवर चालवताना ती व तापणारी नळी बंद ठेवली तर बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. सीपॅपचा दाब त्याने कमी होत नाही.

ह्युमिडिफायरमुळे नाका-घशाचा कोरडेपणा कमी होतो, याबद्दल फारसा वाद नाही. त्यामुळे रुग्ण यंत्र अधिक तास वापरतो का, यावर मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ज्याला कोरडेपणाचा त्रासच नाही, त्याने टाकी रिकामी ठेवून झोपले तरी श्वास अडकण्यावरच्या उपचारात उणेपणा येत नाही.